दादा कोलंबोत हरवले होते

गेल्या आठवड्यात पोस्टमन माझा नवा पासपोर्ट देऊन गेला. नात यंदा दहावी झाली. तिला सिंगापूरला तिच्या आवडत्या बँडचा कार्यक्रम बघायला जायचंय आणि आजी बरोबर असेल तरच सोडतो, असं तिच्या बापाने सांगितलंय. म्हणून या वयात हा पासपोर्ट. पाकीट फोडलं आणि आधी वासच आला. कोऱ्या कागदाचा, खळीचा, आणि कव्हरच्या कापडाला असतो तो किंचित कडवट, औषधासारखा वास. नाव, फोटो, तारखा तपासायच्या राहूनच गेल्या. सुनेने विचारलं, काही चुकलंय का त्यात. मी म्हटलं, नाही, सगळं बरोबर आहे.

हा वास आमच्या घरात रोज संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी यायचा. वडिलांबरोबर यायचा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात ते बांधणी खात्यात होते. देशभरातल्या माणसांचे पासपोर्ट त्यांच्या हाताखालून जायचे. पाचला छापखान्याचा भोंगा व्हायचा, मग फाटकावर झडती, मग सायकलींचा लोंढा आणि त्या लोंढ्यातून दादा. वर्षानुवर्षं रोज झडती देऊन त्यांच्या अंगात एक सवय मुरली होती. घराच्या उंबऱ्यातसुद्धा ते आधी खिसे उलटे करत, हात किंचित बाजूला धरत आणि मगच आत येत. आम्ही भावंडं हसायचो. ते हसत नसत. पण स्वतः कुणाची झडती घ्यायचे नाहीत. माझी दप्तरं, माझ्या वह्या, मला आलेली पत्रं त्यांनी कधी उघडली नाहीत. कॉलनीतल्या दुसऱ्या कुठल्या मुलीला तेव्हा एवढी मोकळीक नव्हती, आणि तिचाच मी फायदा घेत होते.

आमचा ट्रान्झिस्टर कातडी पिशवीत असायचा आणि पिशवी कपाटावर. तो बातम्यांसाठी आणि रविवारच्या बुद्धवंदनेसाठी होता. रस्त्यावरून लग्नाची वरात चालली आणि बँड वाजायला लागला की दादा खिडकी लावून घ्यायचे. उन्हाळ्यात, घामाच्या धारा लागलेल्या असतानाही लावायचे. त्यांना संगीतच आवडत नाही, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

आणि मला एका बँडचं वेड लागलं होतं.

तो वरातीचा बँड नव्हता. बुधवारी दुपारी चार वाजता, आई नळावर गेली की मी ट्रान्झिस्टर खाली काढायची आणि काटा हळूहळू सरकवत लंकेच्या स्टेशनवर न्यायची. हिंदी गाणी लागायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या थोडं पलीकडे, खरखरीच्या आड, अर्धा तास तिथल्या बँडांचा कार्यक्रम असायचा. त्यात एक होता, कोरल फाइव्ह नावाचा. चार पुरुष आणि एक बाई. बाई ट्रंपेट वाजवायची. मर्लीन तिचं नाव. भाषेतलं एक अक्षरही मला कळत नव्हतं. आवाज लाटेसारखा यायचा आणि ओसरायचा. मध्येच देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि गाणं पार बुडून जायचं. मी श्वास धरून वाट बघायची. खरखरीतून तो ट्रंपेट पुन्हा वर आला की मी कान डब्याला चिकटवायची. साडेचारला काटा परत मुंबईवर, ट्रान्झिस्टर पिशवीत, पिशवीचा पट्टा होता तसाच डावीकडे. भोंगा व्हायच्या आत मी भाजी निवडायला बसलेली असायची.

त्याच स्टेशनवर पत्रमैत्रीसाठी नावं-पत्ते सांगायचे. तसं मला श्रीयानी मिळाली. कोलंबोत राहायची, माझ्याच वयाची. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचो. तिच्या निळ्या पाकिटांना खोबऱ्याच्या तेलाचा वास यायचा. एका पत्रात तिने मर्लीनचा फोटो पाठवला. पँट घातलेली, केस कापलेले, ट्रंपेट कडेवरच्या मुलासारखा धरलेला. मी तो इतिहासाच्या पुस्तकात ठेवला.

एकोणऐंशी साल होतं. मी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीनंतर विहारात ठरलं की वीस-बावीस जणांनी मिळून लंकेच्या धम्मयात्रेला जायचं. मद्रासवरून रामेश्वरम, तिथून आगबोटीने तलाईमन्नार, मग अनुराधपूरचा बोधिवृक्ष, कँडी, कोलंबो. कागदपत्रांचं काम दादांकडे आलं, कारण पासपोर्ट म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आई जाणार होती. तेवढ्यात मावशीचं बाळंतपण निघालं आणि आईची जागा रिकामी झाली.

त्याच आठवड्यात श्रीयानीचं पत्र आलं होतं. कोरल फाइव्हचा कार्यक्रम, शनिवारी दुपारी तीनला, एका मुलींच्या शाळेच्या हॉलमध्ये. मी तारीख बघितली. आमची यात्रा त्या शनिवारी कोलंबोत असणार होती.

दादांच्या समोर जाऊन मी म्हटलं, आईच्या जागी मी येते, मला बोधिवृक्ष बघायचाय.

त्यांनी चष्मा काढला. विहारात मी कधी आपणहून गेलेली नव्हते. ते मला एकटक बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. आईला म्हणाले, पोरीला वळण लागलं. मला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी पदराचं टोक पिळत उभी राहिले.

पासपोर्ट आले तेव्हा दादांनी स्वतःचा हातात घेतला आणि बराच वेळ उघडलाच नाही. शिवणीवरून बोट फिरवलं, कडा बघितल्या, पाठ वाकवून बघितली. इतकी वर्षं त्यांनी हजारो माणसांना देशाबाहेर धाडलं होतं. स्वतःच्या नावाचा पहिलाच. मग म्हणाले, 'हा आपल्याच टेबलावरून गेलेला आहे.' कशावरून ते त्यांनी सांगितलं नाही.

जानेवारीत निघालो. नाशिकरोड स्टेशनवर इंजिनाचा धूर, थंडीत वाफाळणारे चहाचे कप, आईने बांधून दिलेल्या दशम्या, कुणाच्या तरी पिशवीतल्या पेरूंचा वास. आमच्यातल्या बायकांच्या पुढारी गांगुर्डेमावशी होत्या. दवाखान्यात आया म्हणून काम करायच्या, विधवा, आवाज खणखणीत. त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं आणि मद्रासपर्यंत पदराखालून शेंगदाणे पुरवले. सगळे गाणी म्हणत होते, बुद्धाची, भिक्खूंची. मीही म्हणत होते. पातळाच्या घड्यांमध्ये मर्लीनचा फोटो होता, आणि डब्याने रूळ बदलला की तो आपोआप बाहेर येईल असं मला उगाचच वाटत होतं.

रामेश्वरमच्या धक्क्यावर सामान तपासणीची रांग होती. ऊन, मासळीचा वास, वाळू. अधिकाऱ्याने माझी ट्रंक उघडली आणि पांढरी पातळं एकेक उचलून बाजूला टाकली. तिसऱ्या पातळातून फोटो घसरून टेबलावर पडला. तो उचलून त्याने हसत शेजारच्याला दाखवला. हिंदीत विचारलं, ही कोण, सिनेमातली का. मी म्हटलं, मैत्रीण आहे.

दादा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी हात पुढे करून फोटो घेतला. मला वाटलं, आता फाडतील. ते त्या बाईच्या तोंडाकडे नव्हते बघत. तिच्या हातातल्या ट्रंपेटकडे बघत होते. रांग मागून ढकलत होती. मग त्यांनी फोटो स्वतःच्या हाताने पातळाच्या घडीत ठेवला, ट्रंक लावली आणि कडी घातली. आगबोटीवर तीन तास मी त्यांच्याजवळ गेले नाही. समुद्र खवळलेला होता, बायका ओकत होत्या, आणि मला मात्र काही होत नव्हतं. मी कठड्याला धरून दिवस मोजत होते. मंगळवार. शनिवारला चार दिवस.

अनुराधपूरला बोधिवृक्षाखाली पहाटेचं दव होतं. दगडी फरशी पायाला गार लागत होती. कमळाची फुलं, खोबरेल तेलाच्या पणत्या, पांढऱ्या कपड्यांतली शेकडो माणसं आणि तरी शांतता. दादा गुडघ्यांवर बसले ते उठेचनात. त्यांचे खांदे हलत होते. गांगुर्डेमावशींनी मला कोपराने ढोसलं, जा, बापाजवळ बस. मी जाऊन बसले. हात जोडले. डोळे मिटले आणि मनात हिशेब केला, आज बुधवार.

शुक्रवारी रात्री कोलंबोत पोहोचलो. एका विहाराच्या यात्रेकरूंच्या खोलीत उतरलो. शनिवारी संध्याकाळी सातची गाडी तलाईमन्नारला, आणि रविवारी सकाळी आगबोट. आगबोट आठवड्यातून तीनच दिवस होती. दादांनी सगळ्यांना दोन-दोनदा बजावलं होतं की सहाला सामानासकट स्टेशनवर. त्यांची रजाही नेमकी मोजून होती.

दुपारी एकला श्रीयानी आली. निळा फ्रॉक, हातात छत्री, फोटोत दिसायची त्यापेक्षा बुटकी. दादा गाडीच्या जागा पक्क्या करायला गेले होते. मी गांगुर्डेमावशींना सांगितलं, मैत्रिणीबरोबर एक विहार बघून येते. त्यांनी श्रीयानीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

'पाचच्या आत ये गं,' त्या म्हणाल्या. 'सातची गाडी हाय.'

तो हॉल समुद्राच्या अगदी जवळ होता. खिडक्यांमधून खारा वारा यायचा आणि पडदे छताला लागायचे. लाकडी खुर्च्या, पावडरीचा आणि घामाचा वास, कुरकुरणारे पंखे. नऊवारीतल्या आज्यांच्या घरातून आलेली मी, पांढऱ्या पातळात, खांद्यावर यात्रेची पिशवी. आजूबाजूला फ्रॉकमधल्या मुली. कुणी हसलं नाही, तरी मी मान खाली घालून बसले.

तीनला सुरू व्हायचं ते वीज गेली. साडेतीन झाले. चारला आली. चौघे पुरुष वाजवायला लागले. पहिलं गाणं माझं पाठ होतं. आमच्या कपाटावरच्या डब्यातून कातर, बुडत-तरंगत येणारं ते गाणं इथे अंगावर येत होतं, छातीत धडधडत होतं. खरखर नव्हती, तोफा नव्हत्या. पण मर्लीन नव्हती. श्रीयानी कानात म्हणाली, ती मध्यंतरानंतर येते.

भिंतीवर घड्याळ होतं. पाचला वीस मिनिटं कमी. आत्ता उठले तर पाचच्या थोडं पुढेमागे विहारात पोहोचले असते. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. दार दहा पावलांवर होतं. मी घड्याळ बघितलं, आणि बसून राहिले. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की वीज गेली म्हणून उशीर झाला. वीज तासाभरापुरतीच गेली होती. बाकीचा उशीर माझा होता.

पाच वाजून गेल्यावर ती आली. स्टेजवर मध्यभागी उभी राहिली, टेबलावरच्या जगमधून पाणी ओतून घेतलं, सावकाश प्यायली. सगळा हॉल थांबला होता. मग तिने ट्रंपेट उचलला. त्यानंतर मी पंख्यांची कुरकुर ऐकली नाही. सूर सुरुवातीला इतका बारीक होता की तो सुरू झालाय हे पुढच्या मुलीच्या मानेवरून कळलं. मग तो रुंद होत गेला आणि खिडकीतून समुद्रावर गेला. मी रडत होते की हसत होते, आठवत नाही. एवढंच आठवतं की माझे हात पिशवीच्या बंदात गुंतले होते आणि बोटं निळी पडली होती. तीन गाणी. तिसरं संपलं तेव्हा पावणेसहा झाले होते.

मग फक्त धावणं. बस भरलेली, रस्त्यात कसलीशी मिरवणूक, हत्ती आडवा. श्रीयानी ड्रायव्हरला काहीतरी सांगत होती, तो मान हलवत होता. तिची चप्पल तुटली आणि ती एका पायाने अनवाणी माझ्याबरोबर पळाली. स्टेशनात शिरलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. फलाट रिकामा होता. हमाल पाणी मारत होता.

मोठ्या घड्याळाखाली दादा उभे होते. पायाशी दोन पिशव्या, एक त्यांची, एक माझी. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांनी गांगुर्डेमावशींच्या हवाली केले होते आणि आमचे दोन खिशात ठेवून ते मागे राहिले होते. परक्या देशात, भाषा येत नसताना, मुलगी कुठे आहे ते माहीत नसताना. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. कुठे लागलंय का, काही झालंय का, तसं. मग श्रीयानीच्या अनवाणी पायाकडे बघितलं.

'गाडी वेळेवर सुटली,' ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आम्ही तलाईमन्नारला आलो तेव्हा सोमवारची सकाळ होती. आगबोट मंगळवारी. आमची माणसं एव्हाना मद्रासच्या वाटेला लागली होती. दादांची रजा त्या आठवड्यात संपत होती, आणि तेवीस वर्षांच्या नोकरीत ते एकदाही उशिरा गेले नव्हते.

ते गाव म्हणजे वाळू, ताडाची झाडं, सुकत घातलेली मासळी आणि मोकाट गाढवं. गाढवं धक्क्यापर्यंत येऊन माणसांसारखी समुद्राकडे तोंड करून उभी राहायची. वारा एवढा की बोललेलं उडून जायचं. दादा एका लाकडी ओंडक्यावर बसले होते. परवापासून त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, आणि तेच सहन होत नव्हतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुपारपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग त्यांच्या समोर वाळूत बसले.

'दादा, मी विहारात गेले नव्हते. बँड ऐकायला गेले होते.'

ते समुद्राकडे बघत राहिले.

'मी बोधिवृक्षासाठी आलेच नव्हते. त्याच्यासाठीच आले होते.'

'ते मला रामेश्वरमलाच कळलं,' ते म्हणाले.

एक गाढव आमच्यामधून गेलं. मग दादा बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांची छापखान्यातली भाषा गळून पडली. विंचूरकडच्या त्यांच्या गावची भाषा आली, जी त्यांनी आमच्यासमोर कधी वापरली नव्हती.

ते म्हणाले, सोळाव्या वर्षी ते स्वतः ट्रंपेट वाजवायचे. देवळालीच्या लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना शिकवलं होतं. घरी बाप हलगी वाजवायचा, ती गावकीची, गावाने जातीवर लादलेली. पोराने त्यातून बाहेर पडावं म्हणून बापानेच त्यांना बँडात घातलं. पितळी बटणांचा लाल डगला मिळाला. लोक म्हणायचे, पोरगं लय गोड वाजवतं. मग एका मोठ्या घरचं लग्न होतं. भर उन्हात दुपारी बारापासून वरात वाजवली. ओठ फुटले. वरात दारात पोहोचली तशी सगळी माणसं मांडवात शिरली आणि बँडवाल्यांना सांगितलं, तुम्ही गोठ्याकडं थांबा. तिथे ते दिवस मावळेपर्यंत थांबले. पाणी मागितलं तर एका बाईने लांबून, वरून, ओंजळीत ओतलं. लाल डगल्यावर सांडलं. जेवण आलं ते पंगती उठल्यावर, एकाच टोपल्यात, सगळं कालवलेलं.

'मी खाल्लं नाय,' दादा म्हणाले. 'बापानं खाल्लं. मी बघत व्हतो.'

त्याच साली गावाने गावकीची कामं सोडली आणि धम्म घेतला. हलग्या गेल्या. दादांनी ट्रंपेट गुरूच्या घरी नेऊन दिला आणि नाशिकरोडला आले. सोडलं त्याचा त्यांना अभिमान होता. ते म्हणाले, आपण सोडलं ते बरंच केलं. हे म्हणताना त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर दाबली जात होती, सुटत होती, पुन्हा दाबली जात होती. त्यांना ते माहीत नव्हतं. मी पहिल्यांदाच बघत होते, का आजवर बघून मला कळलं नव्हतं, कोण जाणे.

मग त्यांनी विचारलं, 'ती बाई. ती कोणत्या दारानं आली?'

मला आधी समजलंच नाही. मग आठवून सांगितलं, 'पुढच्या. लोकांमधून. लोकांनी वाट दिली.'

'पाणी?'

'टेबलावर होतं. काचेचा जग. तिच्यासाठी वेगळा ग्लास होता.'

त्यांनी झटकन माझ्याकडे बघितलं. 'वेगळा?'

'तसा नाही, दादा,' मी घाईने म्हटलं. 'तिचा मान म्हणून. झाकून ठेवलेला. ती पाणी पिईपर्यंत सगळे गप्प बसले होते.'

'लोक खाली आन् ती वर?'

'हो. ती वर.'

'वर,' ते म्हणाले. पुन्हा एकदा, स्वतःशीच, 'वर.' आणि उठून धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले. वाऱ्याने त्यांचा सदरा फुगला होता. मी त्यांच्या मागे गेले नाही. ते परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता.

नाशिकरोडला पोहोचलो तेव्हा अख्खी कॉलनी स्टेशनवर आली होती. आई रडून रडून सुजली होती. सगळ्यांच्या आधी गांगुर्डेमावशींनी विचारलं, काय झालं हो, कुठं राहिलात. मी तोंड उघडलं. दादांनी माझ्या दंडाला हात लावला.

'माझीच चूक,' ते सर्वांसमोर म्हणाले. 'मी कोलंबोत रस्ता चुकलो. ही बिचारी मला शोधत फिरली.'

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माहीत होतं. त्यांनीही नंतर कधी विषय काढला नाही. छापखान्यात दादांना जाब द्यावा लागला. त्यांच्या कागदात तो एक डाग राहिला आणि त्या वर्षी होणारी बढती पुढे गेली. कॉलनीत त्यांचं नाव पडलं, कोलंबोवाले. साळवे हरवतील, हात धरा रे, असं लोक चेष्टेने म्हणायचे. ज्या माणसाने आयुष्यात एक खिळा इकडचा तिकडे केला नव्हता, तो माणूस हे हसून ऐकून घ्यायचा. मी पुष्कळदा खरं सांगायला निघाले. ते नजरेने थांबवायचे.

श्रीयानीची पत्रं येत राहिली. मग त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात लंकेत दंगली झाल्या, त्यानंतर आली नाहीत. मी चार-पाच पाठवली, त्यांतलं एक परत आलं. पुढच्या वर्षी आगबोटही बंद झाली म्हणून ऐकलं. बुधवारी चारला काटा तिथे नेला तर नुसती खरखर, कधी बातम्या, कधी काहीच नाही. कोरल फाइव्ह कुठे गेला, मर्लीन कुठे गेली, मला कळलं नाही. आज नात मोबाइलवर हवं ते गाणं शोधून देते. तिने हेही शोधून बघितलं. सापडलं नाही. आजी, असा बँड खरंच होता ना, असं तिने विचारलं. मग म्हणाली, पणजोबांना कोलंबोवाले का म्हणायचे गं? तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. आमच्या घरात हे ऐकणारी ती पहिली. माझ्या नवऱ्यालाही एवढं माहीत नव्हतं. त्याला फक्त आमच्या लग्नातली गोष्ट माहीत होती, कारण त्या दिवशी तो माझ्या शेजारी उभा होता.

पंचाऐंशीचा मे महिना. मुलगा देवळ्याचा, शाळेत मास्तर. लग्न कॉलनीच्या मैदानात, साधं, वंदना घेऊन. आठवडाभर आधी दादा कुणाला न सांगता सकाळच्या एसटीने विंचूरकडे गेले आणि संध्याकाळी परतले. लग्नाच्या दिवशी सकाळी लाल डगले घातलेली सहा माणसं मैदानात हजर. बँड. आई मांडवाच्या खांबाला टेकली. विहाराच्या कमिटीतले जाधवगुरुजी पुढे आले. दादांना एका बाजूला नेऊन म्हणाले, साळवे, हे आपण बंद केलेलं आहे.

'आपण वाजवायचं बंद केलं, गुरुजी,' दादा म्हणाले. 'वाजवतात त्यांचं ऐकायचं बंद नाही केलं.'

गुरुजी मागे सरले, पण चार-पाच माणसं उठून मांडवाबाहेर जाऊन उभी राहिली. ती जातील का राहतील, कुणाला कळत नव्हतं. वंदना झाली, फुलं पडली. बँड वाजला, फार काही चांगला नाही, थोडा बेसूर. पहिल्या पंगतीची पानं मांडली गेली आणि पाहुणे उठायला लागले. तेवढ्यात दादांनी हात वर केला.

'नाय,' ते म्हणाले, अख्ख्या कॉलनीसमोर, गावच्या बोलीत. 'आधी वाजवणारे जेवतील.'

त्या सहा जणांना ते ऐकू आलं, पण ते जागचे हलेनात. त्यांचे म्हातारे बँडमास्तर, हातात ट्रंपेट, म्हणाले, आम्ही मागून बसतो की दादा, आमची सवय हाय. दादांनी त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना पहिल्या पानावर आणलं, मधल्या, नवरदेवाच्या समोरच्या. मास्तरांना ट्रंपेट कुठे ठेवावा कळेना. मांडीवर ठेवला तर जेवता येईना, खाली धुळीत ठेवायला मन होईना. दादांनी दोन्ही हात पुढे केले आणि तो स्वतःकडे घेतला.

तीस वर्षं झाली असतील त्यांनी त्याला हात लावून. मी हार घातलेली, नवऱ्याशेजारी उभी, त्यांच्याकडे बघत होते. बाहेर उभी राहिलेली माणसंही आत वाकून बघत होती. त्यांनी तो थोडा वर उचलला. उन्हात पितळ चमकलं. मला वाटलं, आता ओठांना लावतील.

त्यांनी लावला नाही. काखेत नीट धरला, पंगतीकडे वळले आणि वाढप्याला हाक दिली, 'मास्तरांना भात आण. मघाचा नको, गरम बघून आण.'